पट्टी भरणाऱ्यांचा वाडा



ज्या गृहस्थांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आपले सारे आयुष्य एका लहानशा गावच्या नगरपालिकेच्या दप्तरात वेचले. आणि त्यांच्याविषयी जुनी मंडळी आजही जी एक गोष्ट सांगतात ती अशी की, कोणतीही रक्कम आकड्यांत मांडल्यावर तीच पुन्हा अक्षरी लिहिल्याखेरीज, आणि ‘मात्र’ या शब्दाने तिचे दार बंद केल्याखेरीज, ते कागद हातावेगळा करीत नसत. अशा पुरुषाचे स्मरण करावयाचे तर एखाद्या किल्ल्याविषयी अथवा लेण्याविषयी बोलण्यापेक्षा म्युनिसिपालिटीच्या इमारतीविषयी बोलणे अधिक उचित, असे मला वाटले. आणि अशा इमारतींपैकी मुंबईच्या बोरीबंदरासमोर उभी असलेली महापालिकेची जुनी वास्तू मी निवडली, याचे कारण तिची भव्यता हे नव्हे, तर त्या भव्यतेच्या पोटात दडलेला हिशेब हे आहे.

बोरीबंदरच्या चौकात उभा राहणारा मनुष्य प्रथम आगगाडीच्या स्टेशनाकडे पाहतो, आणि ते स्वाभाविकच आहे. कारण त्या स्टेशनाची कीर्ती देशोदेशी पोचलेली आहे आणि २००४ साली त्याला जागतिक वारशाचा मानही मिळाला. परंतु त्याने किंचित मान वळवली, तर समोरच दोन रस्त्यांच्या बेचक्यात, दोन्ही बाहू मागे पसरून आणि छाती पुढे काढून उभी असलेली दुसरी एक इमारत त्याच्या दृष्टीस पडते, आणि पुष्कळदा तो तिला स्टेशनाचाच एखादा तुटून पडलेला भाग समजतो. हा समज अगदीच निराधार नाही. दोन्ही इमारतींचा कर्ता एकच, फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स; दोन्हींना घुमट, दोन्हींना टोकदार कमानी, दोन्हींच्या भिंतींवर पशुपक्षी आणि वेलबुट्टी. मात्र एक भेद असा आहे की जो दगडात दिसत नाही. स्टेशन बांधले ते रेल्वे कंपनीने; आणि समोरची वास्तू उठली ती मुंबईकरांनी भरलेल्या पट्टीतून, त्या पट्टीवर देखरेख करण्यासाठी नेमलेल्या सभेच्या मंजुरीने. म्हणून पहिली इमारत ज्या अर्थाने मुंबईत आहे, त्याहून निराळ्या अर्थाने दुसरी मुंबईची आहे.

पण पट्टी भरणारा आणि पट्टी खर्च करणारा यांचा संबंध असा सरळ जुळून आला नाही. त्यामागे एक मोठा कलह आहे, आणि तो सांगितल्यावाचून या वास्तूचा पायाच उघडा पडत नाही.

गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली प्रसिद्ध झाले, त्या वेळची मुंबई कापसाच्या पैशाने फुगलेली होती. अमेरिकेतील यादवीमुळे तेथला कापूस विलायतेस जाईनासा झाला आणि आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला. गव्हर्नर सर बार्टल फ्रीअरच्या कारकिर्दीत किल्ल्याचे तट पाडण्यात आले, आणि तटाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर नव्या शहराची स्वप्ने आखली जाऊ लागली. १८६५ साली यादवी संपली, कापूस कोसळला, शेअरांचे कागद रद्दीच्या भावाने गेले. आणि नेमक्या त्याच वर्षी नव्या कायद्यान्वये म्युनिसिपल कमिशनर हे पद निर्माण होऊन त्या जागेवर आर्थर क्रॉफर्ड येऊन बसला. ‘जस्टिस ऑफ द पीस’ म्हणविणाऱ्या मंडळींची सभा होती; पण ती सभा सरकारने नेमलेल्यांची होती आणि तिचा लगाम कमिशनरच्या हाताला फारसा जाणवत नसे. क्रॉफर्डने शहर झाडून काढले, गटारे घातली, रस्ते रुंद केले, मंडई बांधली. आणि हे सारे करताना तिजोरीत किती आहे याची फिकीर त्याने केली नाही. शहर निरोगी झाले आणि म्युनिसिपालिटी कर्जबाजारी झाली. धंदा बुडालेल्या घरमालकांच्या मानेवर पट्टीचे जू बसले, आणि १८७१ पर्यंत त्यांच्या सहनशीलतेचा अंत झाला.

त्या वर्षी फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये पंचवीस-सव्वीस वर्षांचा एक पारशी बॅरिस्टर उभा राहिला आणि त्याने क्षुब्ध श्रोत्यांना न रुचणारी गोष्ट सांगितली. त्याचे म्हणणे असे की, दोष एकट्या कमिशनरचा नाही. कर्तबगार अधिकारी हवाच, आणि कारभार एकाच हाती असावा हेही बरे, परंतु त्या हातावर डोळा ठेवणारी सभा करदात्यांनी निवडलेली पाहिजे. अधिकाऱ्याचे हात बांधण्यापेक्षा त्याच्याकडून हिशेब घेण्याचा अधिकार मिळवा, हा त्याचा सारांश. श्रोत्यांनी त्याला धड बोलू दिले नाही. तो तरुण म्हणजे फिरोजशहा मेहता. त्या दिवशी ज्यांनी आरडाओरड केली त्यांची नावे आज कोणास ठाऊक नाहीत. फिरोजशहांचा ब्राँझचा पुतळा १९२३ पासून म्युनिसिपालिटीच्या दारात उभा आहे. लोकमताच्या विरुद्ध बोललेले भाषण लोकसत्तेच्या बाजूचे असू शकते, हा धडा मी त्या पुतळ्यापासून घेतो.

फिरोजशहांचा विचार हळूहळू कायद्यात उतरला. १८७२ च्या कायद्याने चौसष्ट सभासदांची कॉर्पोरेशन झाली आणि तिच्यातील निम्मे सभासद करदात्यांनी निवडून द्यावेत असे ठरले. पुढे १८८८ च्या कायद्याने सभासदांची संख्या बहात्तर झाली आणि कारभाराची जी चौकट बसली तिच्यावर आजचाही डोलारा उभा आहे. हा दुसरा कायदा घडविताना कौन्सिलात ज्यांनी कलमाकलमाशी झुंज दिली त्यांत फिरोजशहांबरोबर काशिनाथ त्रिंबक तेलंग होते. गीतेचे इंग्रजी भाषांतर करणारा पंडित झाडलोट, पाणीपट्टी आणि कमिशनरचे अधिकार यांवरील कलमे तितक्याच एकाग्रतेने वाचीत होता, हे चित्र मला फार मनोहर वाटते. कर्मयोगाचा याहून चोख अभ्यास कोणता? आणि दैवाचा योग असा की, ज्या १८८८ साली हा कायदा झाला, त्याच साली पुण्यास मामलेदारांकडून पैसे घेतल्याच्या प्रकरणात क्रॉफर्डवर चौकशी बसली. लाचेच्या आरोपातून तो सुटला, पण हाताखालच्यांकडून कर्जे काढल्याच्या कारणाने त्याची नोकरी गेली. स्वतःचे घर असो की शहर, कर्ज काढताना या मनुष्याचा हात कधी आखडला नाही.

आता इमारतीकडे येऊ. म्युनिसिपालिटीचे बिऱ्हाड प्रथम गिरगावच्या रस्त्यावरील लहानशा जागेत होते. पुढे ते एस्प्लनेडवर वॉटसनच्या हॉटेलाच्या शेजारी गेले. स्वतःचे घर हवे, ही इच्छा मूर्त झाली ती १८८४ च्या डिसेंबरात, व्हाइसरॉय लॉर्ड रिपन हिंदुस्थानचा निरोप घेण्याच्या सुमारास. त्याच्या हातून कोनशिला बसविली जाणे हा नुसता शिष्टाचार नव्हता. १८८२ साली स्थानिक स्वराज्याचा जो ठराव निघाला तो रिपनचा; नगरपालिका हे लोकशिक्षणाचे साधन आहे, कारभार थोडा बिघडला तरी लोकांनी तो स्वतः करून शिकावे, हे सूत्र त्या ठरावाचे. तेव्हा या वास्तूच्या पायात जो दगड बसला तो एका तत्त्वाचा दगड होता. तत्त्वाचा दगड मात्र बराच काळ एकटाच पडून राहिला! सरकारी काम आणि सहा महिने थांब, अशी आपल्याकडे म्हण आहे. येथे सहा महिन्यांची साडेआठ वर्षे झाली. प्रत्यक्ष काम सुरू झाले ते १८८९ साली, म्हणजे आचार्य आणि शिंगणे यांचा ‘मुंबईचा वृत्तांत’ छापून बाहेर आला त्या वर्षी. आणि ३१ जुलै १८९३ रोजी ते संपले. सभेची पहिली बैठक नव्या सभागृहात तत्पूर्वीच, जानेवारीत भरली होती. घर पुरते बांधून होण्याआधी गृहप्रवेश करण्याची आपली रीत म्युनिसिपालिटीनेही पाळली.

या विलंबात एक वास्तुशास्त्रीय वादही होता. मद्रासेत नावलौकिक मिळविलेल्या चिझम या वास्तुकाराचा आराखडा इंडो-सारासेनिक, म्हणजे एतद्देशीय मुसलमानी शिल्पाच्या धाटणीचा. आणि स्टीव्हन्सचा गॉथिक, म्हणजे युरोपातील मध्ययुगीन शैलीचा. अखेर स्टीव्हन्सची निवड झाली. पण गंमत अशी की, वास्तू पुरी झाली तेव्हा तिच्यात हरलेल्या पक्षाचेही बरेच काही येऊन बसले होते. कमानी व्हेनिसच्या, पण काहींच्या कडांना मोगली महिरपीसारख्या पाकळ्या. छपरांची चढण युरोपची, पण माथ्यावरचे घुमट विजापूर-अहमदाबादची याद देणारे. स्टेशन बांधताना स्टीव्हन्स जितका विलायती होता, तितका तो येथे राहिला नाही. बाथ येथे जन्मलेला आणि वयाच्या विसाव्या वर्षी सरकारी बांधकाम खात्यात नोकरीस आलेला हा मनुष्य मुंबईतच १९०० साली वारला. नाविकांचे वसतिगृह, बोरीबंदरचे स्टेशन, ही इमारत आणि चर्चगेटचे रेल्वे कचेरीगृह या क्रमाने त्याच्या कृती पाहिल्या, तर या मातीचे पाणी त्याच्या रेषेत कसकसे मुरत गेले ते स्पष्ट दिसते.

जागा अडचणीची होती. दोन रस्ते एका टोकाला येऊन मिळतात आणि त्यांच्यामध्ये कापलेल्या पोळीच्या तुकड्यासारखी तिकोनी भूमी उरते. सामान्य गवंड्याने टोक बोथट करून तेथे बाग केली असती. स्टीव्हन्सने टोकालाच दर्शनी भाग केले. दोन पाखे दोन रस्त्यांच्या कडेने मागे नेले आणि त्यांच्या संगमावर सुमारे २३५ फूट उंचीचा मनोरा उभा करून त्याच्या माथ्यावर घुमट ठेवला. जमिनीच्या उणिवेलाच त्याने वास्तूचे नाक बनविले. आत शिरताच भव्य जिना आहे, आणि वरचा घुमट त्या जिन्यावर छत्रासारखा धरलेला आहे. म्हणजे या इमारतीत मुकुट ठेवला आहे तो कोणा अधिकाऱ्याच्या खोलीवर नव्हे, तर लोकांनी वर चढून जाण्याच्या वाटेवर. वास्तुकाराच्या मनात एवढा अर्थ होता की नाही, यावर मी वाद घालणार नाही. दगडाला अर्थ देण्याचे अर्धे काम पाहणाऱ्याकडेच असते.

बाहेरच्या भिंतीतून माना काढून पाहणारे पंखधारी पशू लहान मुलांना भुते वाटतात. त्यांची मूळ योजना मात्र अगदी गृहस्थी आहे. युरोपात असे पशुमुख म्हणजे छपरावरील पावसाचे पाणी भिंतीपासून दूर फेकणारी पन्हळ. आपल्या हेमाडपंती देवळांच्या गाभाऱ्यातील अभिषेकाचे पाणी जे मकरमुख बाहेर टाकते, त्याचीच ही दूरची भावकी. टोकदार कमानीचेही तसेच. अर्धवर्तुळ कमान आपला भार बाजूच्या भिंतींवर रेटते, टोकदार कमान तो अधिक सरळ खाली उतरविते. त्यामुळे भिंतीत मोठमोठी गवाक्षे ठेवता येतात आणि मुंबईच्या दमट हवेत त्या वाऱ्याचे मोल काय, हे चाळीत राहिलेल्यास सांगावयास नको. खोल सज्जे आणि ओवऱ्या यांनी ऊन आणि आडवा पाऊस दोन्ही आतल्या दप्तरापासून दूर राहतात. शोभेचा म्हणून जो भाग आपण मानतो, त्यातील बराचसा मुळात सोयीचा असतो.

दर्शनी कमानीच्या वर, त्रिकोणी शिरोभागावर, एक पंखधारिणी उभी आहे. ती मुंबई नगरी. ‘ऊर्ब्स प्रिमा इन इंडिस’, म्हणजे हिंदुस्थानातील आद्य नगरी, ही त्या काळच्या म्युनिसिपालिटीची अभिमानोक्ती. समोरच्या स्टेशनाच्या घुमटावर प्रगतीची मूर्ती आहे आणि फाटकावर ब्रिटन व हिंदुस्थान यांचे सिंह आणि वाघ आहेत. दोन्ही स्त्रिया चौकाच्या दोन बाजूंनी एकमेकींकडे पाहत सव्वाशेहून अधिक वर्षे उभ्या आहेत; एक म्हणते पुढे चला, दुसरी विचारते खर्च कोण करणार? आज महापालिकेच्या चिन्हाखाली लॅटिन वचनाऐवजी ‘यतो धर्मस्ततो जयः’ हे वचन आहे. पहिल्या वचनात मोठेपणाची प्रौढी होती; दुसऱ्यात एक अट आहे. अट पाळणे अधिक कठीण.

आता हिशेब. या वास्तूचे मंजूर अंदाजपत्रक ११,८८,०८२ रुपयांचे होते आणि प्रत्यक्ष खर्च आला ११,१९,९६९ रुपये. शिल्लक ६८,११३. आमच्या स्मृतिपुरुषांच्या रीतीने सांगायचे तर, अक्षरी रुपये अडुसष्ट हजार एकशे तेरा मात्र. श्रोतेहो, सार्वजनिक बांधकाम अंदाजपत्रकाच्या आत संपले, ही वार्ता आज ऐकताना आपल्या चेहऱ्यांवर जे स्मित उमटले ते मला येथून दिसते आहे. या शिल्लकेत मला क्रॉफर्डला दिलेले उत्तर दिसते. शहराने सुंदर वास्तू बांधू नये असे करदात्यांचे म्हणणे १८७१ मध्येही नव्हते. बांधताना विचारावे आणि बांधल्यावर सांगावे, एवढेच होते. निवडलेल्या सभेने वैभव आणि काटकसर एका घरात नांदू शकतात हे दाखवून दिले, आणि या अर्थाने तो मनोरा म्हणजे एका जमाखर्चाच्या वहीचे ठळक अक्षरांतील मुखपृष्ठ आहे.

पण येथेच थांबलो तर मी अर्धाच हिशेब दिला असे होईल. याच काळात पुण्याच्या नगरपालिकेत महात्मा जोतीराव फुले सभासद होते. १८८० साली व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चण्याची सूचना आली तेव्हा विरोधी मत देणारे ते एकटेच होते, आणि तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे वळवावा हा त्यांचा आग्रह होता. पुण्याच्या नव्या मंडईच्या खर्चालाही त्यांचा विरोध होता. पैसा वाचला की नाही, हा फिरोजशहांचा प्रश्न. पैसा कोणासाठी खर्च झाला, हा जोतीरावांचा. इतिहासाने विनोद असा केला की, ज्या मंडईला त्यांनी विरोध केला ती पुण्याची मंडई आणि खर्चिक क्रॉफर्डच्या नावाची मुंबईची मंडई, या दोन्हींना आज महात्मा फुल्यांचेच नाव आहे. मला मात्र त्यात विनोदापेक्षा ताकीद अधिक दिसते: प्रत्येक नगरपालिकेच्या दारावर त्यांचा तो प्रश्न टांगलेला आहे असे समजावे.

कारण १८९३ साली ही वास्तू पट्टी भरणाऱ्यांची होती, म्हणजेच पट्टी न भरणाऱ्यांची नव्हती. १८९१ च्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती ८,२१,७६४ भरली होती. मताचा हक्क त्यांतील अगदी थोडक्यांना होता. भारे वाहून ज्यांनी शहर उभारले ते कामाठी, पाथरवट, घाटी हमाल आणि कोकणी गिरणीकामगार चाळीतील खोलीचे भाडे देत; त्या भाड्यातून मालक पट्टी भरी आणि मत मालकाचे होई. पट्टी खरोखर कोणाच्या खिशातून जाते, हे कायद्याला कळायला फार वर्षे लागली.

नवे सभागृह वापरात येऊन पुरी चार वर्षे झाली नाहीत तोच, १८९६ च्या सप्टेंबरात, मांडवीच्या वस्तीत एका रुग्णाला तपासून डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. व्हिएगस मूळचे गोव्याचे, आणि या कॉर्पोरेशनचे सभासद. ज्या खोलीत सुंदर छतावर चर्चा झाली असेल त्याच खोलीत आता उंदीर, चुनकळी, इस्पितळे आणि विलगीकरण यांवर ठराव होऊ लागले. लोक शहर सोडून पळाले, मेले. १९०१ च्या गणनेत वस्ती ७,७६,००६ वर आली. आद्य नगरी म्हणून जी मूर्ती शिरोभागी उभी केली होती तिच्या पायाखाली अंधाऱ्या खोल्यांचे दुसरे शहर आहे, हे मृत्यूने दाखविले. वास्तूची खरी परीक्षा उद्घाटनाच्या दिवशी होत नाही. साथीच्या दिवशी होते.

त्यानंतर दार हळूहळू रुंदावले. १९२२ च्या सुधारणेने भाडेकरूंपर्यंत मताचा हक्क पोचला. १९३१ पासून अध्यक्षास महापौर म्हणू लागले. १९४८ ची निवडणूक प्रौढ मतदानाने झाली. आणि १९५६ साली सुलोचना मोदी या पहिल्या स्त्री महापौर झाल्या. पंचावन्न वर्षांपूर्वी पट्टीदारांसाठी बांधलेल्या जिन्यावरून १९४८ साली चाळकऱ्यांचे प्रतिनिधी चढून गेले, हा या इमारतीचा दुसरा गृहप्रवेश. आणि माझ्या मते पहिल्याहून मोठा. २००० साली आगीने सभागृहाची मोठी हानी केली. ते पुन्हा सजविण्यात आले. जळालेले लाकूड पुन्हा घडविता येते.

परंतु सभागृह रिते पडण्याचा आणखी एक प्रकार आहे, आणि त्यात धूर निघत नाही. मार्च २०२२ मध्ये निवडून आलेल्या सभेची मुदत संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ सारा कारभार प्रशासकाच्या सहीने चालला. दोनशे सत्तावीस आसने जागच्या जागी होती. त्यांवर कोणी बसत नव्हते. प्रशासकांच्या कर्तबगारीविषयी मी अवाक्षर काढीत नाही, कारण कर्तबगारीचा प्रश्न १८७१ मध्येही नव्हता; क्रॉफर्ड कर्तबगारच होता. प्रश्न होता तो कर्तबगार माणसाला ‘किती?’ आणि ‘कोणासाठी?’ असे विचारणारा कोणी समोर बसला आहे की नाही, हा. काशिनाथपंत तेलंग १ सप्टेंबर १८९३ रोजी, म्हणजे ही इमारत पुरी झाल्यावर महिनाभरातच, वारले. या सभागृहासाठी कलमे घासूनपुसून घेणाऱ्या त्या पुरुषाला ती रिकामी आसने पाहावी लागली नाहीत, एवढेच आपण म्हणावे.

आपणांपैकी कोणी बोरीबंदरला उतरलात, तर मान वर करून मनोरा अवश्य पाहा. कमानींच्या पाकळ्या मोजा, पंखांचे पशू मुलांना दाखवा. पण त्या वास्तूवरील आपला हक्क सिद्ध करणारा कागद, म्हणजे पट्टीची पावती, तेथे नाही. तो आपल्या घरच्या कपाटात, विजेच्या बिलांच्या आणि लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात पडलेला आहे, आणि आपण भाडेकरू असाल तर भाड्याच्या पावतीच्या पोटात. आपले गाव लहान असेल आणि त्याच्या नगरपालिकेला मनोरा नसेल, कौलांचे एक गळके छप्पर असेल, तरी तो कागद तितकाच खरा आहे. त्यावर रक्कम आकड्यांत आहे आणि अक्षरीही आहे. ती एकदा मोठ्याने वाचावी, आणि ‘किती?’ व ‘कोणासाठी?’ हे दोन प्रश्न विचारण्यासाठी नगरपालिकेचा जिना चढावा. ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो, त्यांनी अशा माणसाला बसावयास खुर्ची दिली असती आणि वही उघडून पुढे ठेवली असती.